तसबिरीतली लक्ष्मी आणि समोर बसलेली बाई

सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत. ते संग्रहालय उभारणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी आणि कुंडल ही गावे त्यांच्याच संस्थानातली. पण आपल्या माणसांना रविवर्मा भेटला तो या दालनात नव्हे, कुडाच्या भिंतीवरल्या तसबिरीत.

1894 साली, आयुष्याच्या शेवटच्या बारा वर्षांत, रविवर्म्याने मुंबईत जर्मन यंत्रांचा शिळाछापखाना काढला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि एका चित्राच्या हजारो प्रती. ज्यांना 1930 साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या घरात लक्ष्मी-सरस्वती स्वस्तात येऊन बसल्या. छपाईचे हे देणे नाकारता येत नाही.

प्रश्न पुढचा आहे. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई रविवर्म्यासमोर बसल्या, तेव्हा चित्राला त्यांचे नाव मिळाले. गाणाऱ्या बाया बसल्या, तेव्हा चित्राला पुराणातले नाव मिळाले. तसबिरीखाली छापखान्याचे नाव छापले गेले, बाईचे नाही. कलावंत समाजातल्या अंजनीबाई मालपेकर रविवर्म्यासाठी बसल्या होत्या. त्यांचे नाव टिकले ते गळ्यामुळे. 1958 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचे सदस्यत्व मिळाले. ज्यांच्याकडे तसा गळा नव्हता, त्यांचे काय?

1968 साली 86 वर्षांच्या पिकासोने काही महिन्यांत 347 छापचित्रे काढली. चित्रकार आणि मॉडेल त्यांत पुन्हा पुन्हा येतात. तिथेही बाई बहुधा अनामिकच. पण तो म्हातारा स्वतःची वखवखलेली नजर निदान उघडी करतो, तिची टर उडवतो. आपल्याकडे ती नजर देवत्वाच्या प्रभावळीआड लपली, आणि आपण तिच्यापुढे उदबत्ती लावली.

हा केवळ सौंदर्यशास्त्राचा वाद नव्हे. मुंबई प्रांतात 1934 साली कायदा झाला, तरी सांगलीपासून कर्नाटकापर्यंतच्या पट्ट्यात देवीला मुली सोडणे थांबले नाही, आणि सोडलेल्या मुली बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या. देवीचे रूप पूजायचे आणि देवीच्या नावाने सोडलेली बाई बाजारात बसवायची, हा एकाच संस्कृतीचा व्यवहार आहे.

म्हणून शिक्षकांनी मुलांना औंधला जरूर न्यावे. रंग, रेषा, प्रकाश दाखवावा. आणि प्रत्येक चित्रापुढे विचारायला शिकवावे: समोर कोण बसली होती?