ताटापाशी बसलेली माणसं

अ‍ॅनोरेक्सियावरचे जे सिनेमे मी पाहिलेत, त्यांतल्या बहुतेकांत एक शॉट ठरलेला असतो. मुलगी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी आणि पाठीचे मणके मोजता येतील इतका उजेड. पाहणाऱ्याच्या तोंडून ‘बाप रे’ निघावं एवढंच त्या शॉटचं काम. मार्टी नॉक्सन यांच्या ‘टू द बोन’मध्येही (२०१७) हाडं आहेत आणि ती फार निगुतीनं चित्रित केली आहेत. माझी भाची अकरावीत असताना हा सिनेमा तिच्या वर्गातल्या मुलींमध्ये फोनवरून फिरत होता. ‘कसला भारी आहे ना’ हा तिचा शेरा. भारी म्हणजे काय ते तिला नेमकं सांगता आलं नाही. लिली कॉलिन्सचे डोळे, तिचे ढगळ कपडे, तिचं तुटक बोलणं, असं काहीतरी.

मला हा सिनेमा वाईट वाटत नाही, हे आधीच सांगते. नॉक्सन आणि कॉलिन्स या दोघींनीही तरुणपणी हा आजार भोगला आहे. त्यामुळे एलनच्या बोलण्यातला तिरकसपणा, तिची चलाखी, तिचं स्वतःलाच हसणं हे सगळं आतून आलेलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आजारी मुलीला जेवू घालतं कोण, हा प्रश्न सिनेमा जवळजवळ टाळतो. एलनचे वडील सबंध सिनेमात एकदाही दिसत नाहीत. ते कायम कामात. सावत्र आई बडबडी, आई दूर अ‍ॅरिझोनात. फॅमिली थेरपीचं एक सत्र होतं, त्यात सगळे एकमेकांवर ओरडतात आणि विषय संपतो. मग डॉक्टर बेकहॅम, म्हणजे कियानू रीव्ज. त्यांच्या उपचारगृहात टेबलाशी बसायचं, पण खायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. डॉक्टर मुलांना पावसाच्या एका कलाकृतीत भिजायला नेतात. दिसायला सुंदर प्रसंग आहे. पण उपाशी मेंदूला ‘जगणं सुंदर आहे’ हे दाखवून भूक लागत नाही.

शेवटाकडे एक प्रसंग आहे (सिनेमा पाहायचा असेल तर हा परिच्छेद सोडा). एलन आईकडे जाते. तिच्या जन्मानंतर आई नैराश्यात होती, बाळाला हवं तसं जवळ घेऊ शकली नव्हती. आता ती वीस वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजते. पुष्कळांना हा प्रसंग विचित्र वाटला; मला तो सिनेमातला सर्वांत धीट प्रसंग वाटतो, कारण घरातलं कुणी एलनला भरवतंय असं तिथं पहिल्यांदाच दिसतं. पण त्यामागचा विचार जुना आहे आणि घातक आहे. आईच्या मायेत कमतरता राहिली म्हणून मुलगी आजारी पडली, ती कमतरता एका रात्रीत भरून काढली, आता मुलगी वळणावर आली.

हा विचार किती जुना? १८७०च्या दशकात लंडनच्या विल्यम गल यांनी या आजाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिलं. अशा रुग्णाची देखभाल करायला नातेवाईक सर्वांत नालायक, असं त्यांचं मत होतं. पॅरिसमध्ये शार्को तर मुलीला आईवडिलांपासून तोडा म्हणत. पुढं विसाव्या शतकात मानसशास्त्रानं हाच सूर जरा सभ्य भाषेत लावला: आई फार ताबा ठेवते, बाप अलिप्त असतो, घर वरून गुळगुळीत आणि आतून कोंडलेलं. १९७८ साली हिल्ड ब्रुख यांचं ‘द गोल्डन केज’ आलं. पुस्तक उत्तम लिहिलेलं आहे, मुलींबद्दल त्यात खरा कळवळा आहे. पण आईवडिलांनी ते वाचावं आणि बाकावर जाऊन उभं राहावं, अशी त्याची मांडणी आहे.

या परंपरेला एका आईनं दिलेलं उत्तर म्हणून मी हॅरिएट ब्राउन यांचं ‘ब्रेव्ह गर्ल ईटिंग’ (२०१०) वाचते. ब्राउन पत्रकार आहेत. त्यांची थोरली लेक चौदा वर्षांची असताना आजारी पडली. पुस्तकात तिचं नाव किटी, खरं नाव वेगळं. सुरुवातीच्या प्रकरणांत एक आई मागं वळून खुणा शोधते आहे. मुलगी अचानक ‘हेल्दी’ खायला लागते, आणि त्याचं सगळे कौतुकच करतात. पाककृती वाचते, इतरांसाठी रांधते, स्वतः चाखत नाही. उन्हातही थंडी वाजते म्हणते. चिडते, मैत्रिणी तोडते, व्यायाम थांबवत नाही. आईला दिसत असतं आणि दिसत नसतं. ही प्रकरणं वाचताना राग येतो, कारण यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर शहाण्या मुलीचंच लक्षण वाटते.

मग हॉस्पिटल, आणि नंतर मॉड्स्ली पद्धत. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात जेराल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर, इव्हान आयस्लर या मंडळींनी गल आणि शार्कोंना उलटं केलं. आईवडील हा आजाराचा उगम आहे की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवायचा. वॉर्डात नर्स शेजारी बसून भरवते तेच काम घरात आईवडिलांनी करायचं. काय खायचं, किती खायचं हे काही काळ तेच ठरवणार. मुलीशी त्यावर वाटाघाटी नाहीत, आणि शिक्षाही नाही. वजन सावरलं की ताबा हळूहळू तिच्या हाती परत द्यायचा. वयात येण्याचे नेहमीचे प्रश्न त्यानंतर. २०१०मध्ये शिकागो आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १२१ मुलामुलींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला: उपचार संपल्यावर एका वर्षानं, घरच्यांना सोबत घेतलेल्या गटात ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकेकट्या थेरपीच्या गटात २३ टक्के. म्हणजे निम्म्यांना यानंही पूर्ण गुण आला नाही. पण निम्मे हा आकडा या आजारात लहान नाही. त्यात दगावण्याचं प्रमाण मानसिक आजारांत सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे.

आता पुस्तकाचा गाभा. ब्राउन दांपत्य टेबलाशी बसतं. दिवसाला तीन जेवणं, मधली खाणी वेगळी, रोज, महिनोन्‌महिने. घट्ट आइस्क्रीमचे मिल्कशेक. एकेक घास. किटी रडते, शिव्या देते, विनवते, आईला खुनी म्हणते. आणि आई म्हणते, घे अजून एक घास. कथानक म्हणून यात काही घडत नाही. सिनेमाला हे परवडणारं नाही, हे उघड आहे. दीड तासात चारशे जेवणं दाखवणार कशी? ब्राउन मात्र तो कंटाळा लिहून काढतात, आणि कंटाळ्यातच त्यांची ताकद आहे. त्याच त्या वाक्यांनी वाचणाराही दमतो, आणि दमल्यावर त्याला कळतं की हे लोक किती दमले असतील.

मधे एका जागी त्या मिनेसोटाचा प्रयोग आणतात, तो तर कुठल्याही किशोरवयीन मुलाच्या घरात वाचला जावा. १९४४-४५मध्ये अ‍ॅन्सल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, स्वखुशीनं आलेल्यांना, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपाशी युरोपला जेवू कसं घालायचं, हे शोधायचं होतं. ते पुरुष पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटल्या चाटू लागले, घासाशी तासन्‌तास खेळू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. त्यांना ना बार्बीची हौस होती, ना त्यांच्या आयांनी काही बिघडवलं होतं. आजाराचं ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणून आपण जे वाचत आलो, त्यातलं कितीतरी नुसत्या उपासमारीचं काम असतं. म्हणूनच अन्न आधी, चर्चा नंतर.

इथपर्यंत मी ब्राउन यांच्या बाजूनं आहे. पण पुस्तकाची एक युक्ती मला अर्धीच पटते. आजार बोलू लागला की त्या म्हणतात, ही किटी नाही, हा हिच्या तोंडून बोलणारा सैतान. उपचारात अशी फारकत मुद्दाम शिकवतात, आणि तिचा फायदा मला कळतो: रागावायचं ते आजारावर, लेकीवर नाही. पण साहित्य म्हणून याची किंमत मोजावी लागते. किटीचं न आवडणारं प्रत्येक वाक्य सैतानाच्या खात्यात जातं. चौदा वर्षांची मुलगी आईवर खरोखरच, स्वतःच्या कारणानं, चिडू शकते, याला मग जागा उरत नाही. आपल्याकडे अंगात येणं ठाऊक असलेल्या वाचकाला तर हा धोका लगेच दिसावा; बाई जे बोलायची ते ‘ती नव्हे, देवी बोलली’ म्हटलं की बाईचं ऐकायचं कारणच राहत नाही. एलन आणि किटी एका पुस्तकात भेटायला हव्या होत्या. एकीकडे आवाज आहे आणि जेवणाचं टेबल नाही. दुसरीकडे टेबल आहे आणि आवाज आईचाच.

आकड्यांचंही बोलायला हवं. मार्या हॉर्नबाकर यांचं ‘वेस्टेड’ (१९९८) हे या विषयावरचं फार देखणं आत्मचरित्र, आणि आजारी मुली ते गाईड म्हणून वाचतात अशी त्याची ख्याती. वजनं, कॅलरी, क्लृप्त्या. लेखिकेनं भीती दाखवायला लिहिलेलं वाचणारी स्पर्धेसाठी वाचते. ब्राउनही आकडे देतात, मात्र ते वाढत्या जेवणाचे, त्यामुळे नुकसान कमी. तरी या विषयावर लिहिणाऱ्यानं एकही वजन न छापता पान उभं करून दाखवावं, अशी माझी अपेक्षा आहे. हाडांच्या शॉटलाही तोच न्याय. त्या शॉटमुळे आणखी एक गैरसमज पक्का होतो, की हाडं दिसेपर्यंत आजार नाही. वजन ‘नॉर्मल’ असलेल्या, खाऊन उलट्या काढणाऱ्या, झपाट्यानं बारीक झालेल्या पण अजून जाडच दिसणाऱ्या मुलींना, आणि मुलांना, डॉक्टरही शाबासकी देऊन घरी पाठवतात. पाळी बंद झाली तरच अ‍ॅनोरेक्सिया म्हणायचं, ही अट अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतून २०१३मध्ये गेली. मुलग्यांना ती लागू तरी कशी होणार होती!

मराठीत यावर काय आहे, असं विचाराल. मला दिसतं ते फारच तुटपुंजं. मुळात शब्दच नाही. ‘खाण्याचे विकार’ म्हटलं की अपचन वाटतं. घरात वापरायचे शब्द आहेत ते ‘नखरे’, ‘नाटकं’, ‘फॅड’. आणि लपायला जागा भरपूर: संकष्टी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. साबुदाण्याचे उपास करणाऱ्या घरात दोन्ही वेळचं ताट सोडणारी मुलगी भाविक ठरते. लग्नात भेटलेली मावशी ‘बारीक झालीस गं, छान दिसतेस’ म्हणते आणि पुढच्या दिवाळीला ‘तब्येत सुधारली हं’. दोन्ही वाक्यं प्रेमाची. आजारातून उठणाऱ्या मुलीला दुसरं वाक्य काय करतं, याची एक अख्खी कथा होईल.

आणि मॉड्स्लीचं ‘आईवडिलांनी भरवायचं’ हे मराठीत आलं की त्यातले वडील किती दिवस टिकतील? ब्राउन यांचा नवरा टेबलाशी आहे. शिवाय दोघांकडे घरी बसता येईल अशी नोकरी, विमा, बालरोगतज्ज्ञ, थेरपिस्ट आहेत. आपल्याकडे सहा वेळा शेजारी बसायचं काम आईच्या, नाहीतर आजीच्या गळ्यात पडेल, आणि वजन उतरलं की बोलही तिलाच लागतील. पद्धत याला जबाबदार नाही, पण ही पद्धत सांगणाऱ्या मराठी लेखानं हे लिहायला हवं. तसंच, कुणी वाचता वाचता घरातल्या मुलीकडे पाहत असेल तर त्यानं लेख इथंच सोडून आधी बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. नाडी, रक्त, बीपी तपासून घ्यावं. चक्कर येत असेल, पाणीही जात नसेल तर आजच. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतही बोलते.

राहता राहिली धाकटी. ब्राउन यांच्या घरात किटीला एक बहीण आहे, एमा. या पद्धतीत भावंडांनी भरवायचं नसतं; नुसती सोबत करायची, पत्ते खेळायचे, सिनेमा लावायचा. एमा त्याच टेबलाशी बसलेली असते. ताईच्या घासाकडे सगळ्यांचं लक्ष असतं तेव्हा तिच्या ताटात काय चाललंय, याकडे ब्राउन अधूनमधून अपराधी नजर टाकतात आणि परत किटीकडे वळतात. ‘टू द बोन’मध्येही एलनच्या सावत्र बहिणीला दोन-तीन चांगले प्रसंग मिळतात, मग तीही मागं पडते. तिच्या बाजूनं लिहिलेलं पुस्तक अजून माझ्या हाती लागलेलं नाही.