ओपिऑइड रिसेप्टर आणि ‘पक्षपाती’ औषधांची संकल्पना : एक चिकित्सा

प्रस्तावना :
तीव्र वेदनेवर मॉर्फीन आजही प्रभावी मानले जाते. परंतु ज्या म्यू ओपिऑइड रिसेप्टरद्वारे वेदना शमते, त्याच रिसेप्टरद्वारे श्वसनही मंदावते व मात्रा अधिक झाल्यास रुग्ण दगावू शकतो. या दोन परिणामांची फारकत करणारे संयुग घडविणे हे औषधशास्त्राचे जुने ध्येय होय. त्या दिशेने झालेल्या एका बहुचर्चित प्रयत्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
रिसेप्टर उद्दीपित झाल्यावर पेशीत जी-प्रथिनाचा संदेश सुरू होतो. पुढे बीटा-अरेस्टिन हे प्रथिनही त्यास जोडले जाते. बीटा-अरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांत मॉर्फीनचे वेदनाशमन वाढते, असे १९९९ साली दिसून आले. २००५ साली अशाच उंदरांत श्वसनमंदता कमी आढळली. यावरून जी-प्रथिन म्हणजे गुण आणि अरेस्टिन म्हणजे दोष, अशी सुटसुटीत विभागणी रूढ झाली व केवळ पहिला मार्ग चालविणाऱ्या ‘पक्षपाती’ संयुगांचा शोध सुरू झाला.

२०१२ साली म्यू रिसेप्टरची स्फटिकरचना उलगडली. तिच्या आधारे संगणकावर तीस लाखांहून अधिक रेणू पडताळून, निवडक रेणूंत सुधारणा करून २०१६ साली ‘पीझेडएम-२१’ हे संयुग सादर झाले. रचनाधिष्ठित आरेखनाचे हे यश निर्विवाद आहे. तथापि २०१८ साली अन्य संशोधकांना याच संयुगाने उंदरांचे श्वसन मंदावत असल्याचे आढळले. २०२० साली जर्मनी, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील तीन प्रयोगशाळांनी मूळ प्रयोग पुन्हा केला. बीटा-अरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांतही मॉर्फीनमुळे श्वसन मंदावलेच. म्हणजे उणीव रेणूच्या आरेखनात नसून त्यामागील गृहीतकात होती.

मापनपद्धतीचाही येथे विचार व्हावयास हवा. जी-प्रथिनाच्या चाचणीत संदेश अनेक पटींनी वाढून दिसतो, अरेस्टिनच्या चाचणीत तो तसा वाढत नाही. परिणामी मुळातच दुर्बल असलेले संयुग पहिल्या चाचणीत सक्षम व दुसऱ्या चाचणीत निष्क्रिय भासते आणि ‘पक्षपाती’ ठरते. अशा संयुगांची तुलनात्मक सुरक्षितता त्यांच्या अल्प कार्यक्षमतेने स्पष्ट होते, असे प्रतिपादन २०२० साली पुढे आले. याच कल्पनेतून विकसित झालेल्या ऑलिसेरिडीनला त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही श्वसनमंदतेच्या ठळक इशाऱ्यासह.

निष्कर्ष :
गृहीतक चुकणे हा विज्ञानात दोष नव्हे. ते तपासता येण्याजोगे होते व तपासले गेले, हे श्रेयच होय. मात्र २००५ ते २०२० या पंधरा वर्षांत ज्या पायावर इमारत चढत गेली, त्या पायाची पुनर्तपासणी अखेरीस झाली, हे चिंतनीय आहे. ज्या प्रयोगाच्या निष्कर्षावर रुग्णाचा श्वास अवलंबून आहे, त्याची पुनरावृत्ती औषधनिर्मितीची पहिली पायरी ठरली पाहिजे.