व्यवस्थाशोधनाचे मापन आणि धामापूरचा तलाव

मनुष्याला काय येते हे मोजणे वेगळे आणि काय जाणून घ्यावे असे त्याला वाटते हे मोजणे वेगळे. पहिल्या कामी कसोटी उपयोगी पडते. दुसऱ्या कामी मानसशास्त्राला बहुधा प्रश्नावलीवर, म्हणजे व्यक्तीच्या आत्मनिवेदनावर, विसंबावे लागते. यंत्रे, निसर्ग, संस्था किंवा गणिती रचना कशा चालतात याविषयीची ओढ मोजण्यासाठी केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली हे या पद्धतीचे एक ठळक उदाहरण होय. तिच्यातील प्राप्तांकाला येथे ‘व्यवस्थाशोधन-गुणांक’ म्हटले आहे. मराठी भाषकांत ही प्रश्नावली वापरावयाची झाल्यास हा गुणांक नेमके काय मोजील, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मूळ प्रश्नावलीत ६० विधाने आहेत. त्यांपैकी २० केवळ उत्तरदात्याचे लक्ष मूळ हेतूवरून हटविण्यासाठी घातलेली असून गुणदान उरलेल्या ४० विधानांवर होते. अपेक्षित दिशेने ठाम उत्तर दिल्यास २ गुण, सौम्य उत्तर दिल्यास १ आणि विरुद्ध उत्तर दिल्यास शून्य. अर्थात कमाल प्राप्तांक ८०. पहिल्या अभ्यासात पुरुषांची सरासरी सुमारे ३० व स्त्रियांची सुमारे २४ आढळली. या फरकाला लेखकांनी स्त्री-पुरुषांच्या मनोरचनेविषयीच्या आपल्या सिद्धांताचा आधार मानले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच लाखांहून अधिक व्यक्तींच्या उत्तरांवर आधारलेल्या अभ्यासातही तोच कल दिसून आला.

सिद्धांतातील ‘व्यवस्था’ ही कल्पना व्यापक आहे. तांत्रिक, नैसर्गिक, अमूर्त, सामाजिक, वर्गीकरणात्मक आणि शारीरिक कौशल्याच्या अशा सहा प्रकारच्या व्यवस्था तीत येतात. आणि ‘अमुक केले तर तमुक होते’ हा नियम हुडकण्याची प्रेरणा म्हणजे व्यवस्थाशोधन. परंतु प्रश्नावली पाहू लागताच ही व्यापकता आकसते. मोटार घेताना इंजिनाची क्षमता विचारावीशी वाटते काय, घरातील विजेच्या तारांची दुरुस्ती स्वतः करता येईल काय, वर्तमानपत्रातील फुटबॉलच्या वा शेअरबाजाराच्या कोष्टकांकडे लक्ष जाते काय, अशा आशयाची विधाने तीत आहेत. स्वयंपाकाविषयी किंवा डोंगर कसा घडला असेल याविषयीही विधाने आहेत, हे खरे. तथापि एकंदर तोल विकत घेतलेल्या वस्तूंकडे झुकतो. मूळ विधाने परंपरेने पुरुषांच्या मानल्या गेलेल्या क्षेत्रांतून अधिक आली, हे लेखकांच्याच गटाने २००६ साली मान्य केले आणि ७५ विधानांची सुधारित प्रश्नावली तयार केली. पुढे २००९ साली लिंग, बर्टन, सॉल्ट व मन्सर यांनी मूळ प्रश्नावलीचे घटक-विश्लेषण केले, तेव्हा एकच गुण हाती न येता चार निरनिराळे घटक हाती आले. सुधारित प्रश्नावलीची अंतर्गत सुसंगती ०·९० इतकी आहे. परंतु उत्तरे परस्परांशी जुळतात एवढ्यावरून ती इष्ट गुणाशीही जुळतात, असे सिद्ध होत नाही. विश्वसनीयता म्हणजे यथार्थता नव्हे.

या आक्षेपाचे खरे वजन कळण्यासाठी मालवण तालुक्यातील धामापूरचे उदाहरण घेता येईल. तेथील तलाव विजयनगरच्या साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली बांधविला, असे मानले जाते. डोंगरांमधील जागा मातीच्या बांधाने अडवून हे पाणी साठविले आहे. काठावर भगवतीचे देऊळ आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन-रचना म्हणून मान्यता दिली. कोकणात पाऊस उदंड, पण चार महिन्यांचा. पुढील वायंगणी भाताला पाटाचे पाणी लागते. वरचा कुणगा भरल्यावाचून खालच्यास पाणी जात नाही, वरच्याने बांध अवेळी फोडला तर खालच्याचा तरवा सुकतो, हे ज्याला दरसाल ध्यानी धरावे लागते तो शेतकरी एका तांत्रिक, एका नैसर्गिक आणि एका सामाजिक व्यवस्थेच्या मध्यभागी उभा असतो. रातांब्याची सोले करणारी गृहिणी सालींना रसाची पुटे किती द्यावयाची, मीठ किती, ऊन किती, याचा असाच जर-तर हिशेब ठेवते. वरील विधाने या दोघांपुढे ठेवली, तर मोटारीच्या इंजिनाविषयी व शेअरबाजाराविषयी दोघेही सरळ नकार देतील आणि दोघांच्याही पदरी शून्य पडेल. त्या शून्याचा अर्थ ‘जिज्ञासा नाही’ असा नसून ‘मोटार नाही’ असा आहे.

येथवर आले की एक उपाय सहज सुचतो: विधाने बदलावीत. त्याला आपल्याकडे मोठा पूर्वाधारही आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-पद्धतीची बुद्धिकसोटी मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी नव्याने बेतून प्रमाणित केली आणि १९४० साली ती ग्रंथरूपाने मांडली. केवळ भाषांतर पुरेसे नसते, हा धडा त्या कार्यातून मिळालेला आहे. मग मोटारीच्या जागी पाट, विजेच्या तारांच्या जागी रहाट आणि कोष्टकांच्या जागी पंचांग घातले की काम भागेल काय?

भागणार नाही, आणि या प्रश्नाचा खरा गाभा येथेच आहे. पाटाचे पाणी कोठे व केव्हा जाते याकडे लक्ष असते काय, असे विचारल्यास पाटावर शेती करणारा प्रत्येक जण ‘होय’ म्हणेल, कारण लक्ष नसेल तर पीक जाईल. ज्या विधानाला सर्वांचे उत्तर एकच येते ते व्यक्तिव्यक्तींतील फरक दाखवू शकत नाही. शिवाय बांध केव्हा फोडावा हे वडिलांकडून शिकून बिनचूक पाळणारा मनुष्य ‘असेच का?’ या प्रश्नाविषयी पूर्ण उदासीन असू शकतो. ज्ञान, गरज आणि जिज्ञासा या तीन गोष्टी एकत्र नांदतात, म्हणून त्या एक ठरत नाहीत. धामापूरच्या शेतकऱ्याला अज्ञानापोटी शून्य देणे जितके चूक, तितकेच त्याच्या उपजीविकेला जिज्ञासा समजून पैकीच्या पैकी गुण देणेही चूक. मूळ प्रश्नावली पहिली चूक करते. स्थानिक अभिमानाने केलेले रूपांतर दुसरी करील.

यावरून विधानांच्या निवडीचे एक तत्त्व निघते. जी व्यवस्था सर्वांच्या पाहण्यात आहे, पण जी न समजल्याने कोणाचेही अडत नाही, तीच जिज्ञासेच्या मापनास योग्य. अधिक मास कशामुळे येतो, एस.टी.च्या गाड्यांच्या वेळा एकमेकींशी कशा जुळविल्या असतील, यांचा विचार न करताही जन्म सुखाने जातो. म्हणूनच तो कोण करतो याला अर्थ आहे. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे का सरकते, हे विधान मालवणच्या शाळामास्तराच्या बाबतीत जिज्ञासा मोजील. उधाण-भांगावर ज्याची रापण अवलंबून आहे त्या मच्छीमाराच्या बाबतीत ते मुख्यतः व्यवसाय मोजील. तात्पर्य, एकाच विधानाचे कार्य गटागणिक बदलते, आणि ते प्रत्येक गटात तपासल्याखेरीज दोन गटांच्या सरासऱ्या शेजारी मांडता येत नाहीत. स्त्री-पुरुषांच्या सरासऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. नमुना पाच लाखांचा असला तरी विधानांतील दोष त्याने धुऊन निघत नाही. तो केवळ अधिक अचूकतेने पुन्हा मोजला जातो.

या प्रश्नावलीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. ज्या समाजात ती बेतली गेली तेथे, सारख्या परिस्थितीतील व्यक्तींची परस्पर तुलना करण्यास ती उपयोगी पडू शकते. परंतु अशा गुणांकावरून एखाद्या विद्यार्थ्याने, विशेषतः विद्यार्थिनीने, यंत्रशाखेकडे वळावे की नाही असा सल्ला दिला जाऊ लागला, तर तिच्या घरी कोणत्या वस्तू होत्या याचा निकाल तिच्या मनावर लादल्यासारखे होईल. मराठीत अशी प्रश्नावली व्हावयाची असेल, तर प्रथम विधाने गरजेपासून वेगळी काढावी लागतील; आणि मग उत्तरांचा पडताळा कृतीशी घ्यावा लागेल. अनोळखी कुलूप किंवा पाण्याचा लहानसा नमुना-पाट पुढे ठेवून, कोणी न सांगता तो कोण उलगडू लागतो हे पाहणे अशक्य नाही. त्या पडताळ्यावाचून हा गुणांक म्हणजे स्वतःविषयीच्या मतांची बेरीज होय. आणि मतांची बेरीज काळजीपूर्वक केली तरी ती मतांचीच राहते.