आनंदीबाईंची प्रकृती

ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढ्यात असताना, दुखण्याखुपण्याचा विषय काढू नये अशी आमच्याकडे रीत आहे. ती मोडल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. ज्या पुस्तकाविषयी मला लिहावयाचे आहे ते मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आवडीने वाचले गेलेले, शिकणाऱ्या मुलींना हौसेने भेट दिले गेलेले पुस्तक आहे. ते एका आजारी विद्यार्थिनीचे पुस्तक आहे ही गोष्ट मात्र त्या भेटीच्या रंगीत कागदातच गुंडाळलेली राहते.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. पुढे त्या कथेचे नाटक झाले, आणि २०१९ साली समीर विद्वांस यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे एका सुताराने दुसऱ्याची खुर्ची उलटी करून सांधे पाहावेत तशी माझी नजर होते. ही खुर्ची पक्की आहे. गोपाळराव जोशी म्हणजे पोस्टातला कारकून, बिजवर, बायकोपेक्षा वीसएक वर्षांनी मोठा. नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करतो, तिला शिकवायचेच म्हणून हट्ट धरतो आणि शिकवितो तेही असे, की शिकविणे आणि छळणे यांमधली रेघच पुसून जावी. अशा माणसाला खलपुरुष करणे सोपे असते, आणि संत करणे त्याहून सोपे. जोशांनी दोन्ही मोह टाळले. पुढे ‘रघुनाथाची बखर’ लिहून त्यांनी र. धों. कर्व्यांसारखा आणखी एक न पेलणारा माणूस पेलून दाखविला. तऱ्हेवाईक माणसांचा असा जाणकार आपल्याकडे विरळाच.

पण खरी अडचण तिथेच आहे. गोपाळराव इतके जिवंत उतरले, की पुस्तक मिटल्यावर घरोघर जो वाद रंगतो तो त्यांचाच. त्यांनी तिला घडविली की तिचा बळी घेतला? सासूबाई एक म्हणतात, सूनबाई दुसरे म्हणते, आणि चहा निवून जातो. या वादात त्या मुलीने स्वतः काय ठरविले होते, अंगातली शक्ती मोजून किती वर्षांचा बेत केला होता, हे विचारायचे राहूनच जाते. आनंदीबाईंचे दुखणे आपल्याला आठवते ते शेवटच्या प्रकरणातले. पदवी मिळाली, सत्कार झाले, आणि मग घाला पडला!

दुखण्याला शेवटच्या अंकात आणण्याची ही खोड एकट्या जोशांची नव्हे, आम्हा साऱ्या कथालेखकांचीच आहे. मराठी कथेतल्या नायिकेला खोकला आला, की वाचकाने समजावे, आता विसाएक पानेच उरली. रुमालावर तांबडा डाग दिसला की दहा! क्षयाने आमचे कितीतरी शेवट सोपे करून दिले आहेत. पण ज्याच्या घरी कायमचे दुखणे आहे त्याला विचारा. ते शेवटी येत नाही. ते पहिल्या पानापासून चुलीशेजारी बसलेले असते, आणि घरातली सगळी कामे त्याला वळसा घालून करावी लागतात.

आनंदीबाईंचे तसेच होते. जन्म ३१ मार्च १८६५ चा. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. १८८० साली गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला. तो तिकडच्या मासिकात छापून आला, आणि न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येईपर्यंत चाळता चाळता वाचला. (दुखण्याच्या दारात बसलेले असतानाच ही ओळख झाली, याची मला नेहमी गंमत वाटते.) दोघींची पत्रे सुरू झाली. कलकत्त्याच्या मुक्कामात आनंदीबाईंना अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप असे चालूच होते. कार्पेंटरबाईंनी समुद्रापलीकडून औषधे धाडली. त्यांनी गुण आला नाही. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जाणार याचे जाहीर भाषण केले. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे ते सांगितले, पुढे इथे स्त्रियांसाठी वैद्यकाचे कॉलेज काढण्याचा मनोदयही बोलून दाखविला. लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. त्यांतला एक होता, परदेशात काही संकट ओढवले तर काय करशील? ज्या मुलीचे डोके उठल्याबसल्या दुखत होते तिला हा प्रश्न पुस्तकी नव्हता. एप्रिलमध्ये त्या नवऱ्याशिवाय बोटीवर चढल्या.

आता एका पत्राकडे वळतो. या लेखाचा खटाटोप त्या पत्रासाठीच आहे. ४ जून १८८३ रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, आणि २८ जूनला त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी लिहिले. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरात ते पत्र जपलेले आहे. मी मॅट्रिक, म्हणजे आजच्या बोलीत दहावी. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचले. कॉलेजच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करीत नसू, हे त्यात त्या मोकळेपणाने कबूल करतात. आपली गोष्ट अपवादाची आहे, तेव्हा कॉलेजने कनवाळूपणे पाहावे, असे विनवितात. आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरला अंग दाखविण्यापेक्षा मरण पत्करतात, हे सांगतात. आणि याच पत्रात, जाता जाता, आपली प्रकृती चांगली आहे, असे लिहितात.

त्या वाक्याशी मी अडखळलो. शिक्षणातले उणे स्वतः होऊन सांगणारी अठरा वर्षांची मुलगी शरीरातले उणे सांगत नाही. का बरे? ते खोटे म्हणावे काय? एक बाजू अशी, की समुद्राची हवा आणि कार्पेंटरबाईंची माया यांनी त्या तीन-साडेतीन आठवड्यांत खरोखरच बरे वाटत असेल. जुने दुखणे असलेल्या माणसाला चार दिवस बरे गेले, की आपण बरे झालो असेच वाटते. दुसरी बाजू अशी, की हे वाक्य निदान नसून अर्ज आहे. अर्ज लिहिताना माणूस स्वतःची जी आकृती पुढे करतो तीच त्याला पुढे चालवायची असते. अभ्यास कमी आहे असे म्हटले, तर कॉलेज म्हणेल, ये, शिकवू. अंग साथ देत नाही असे म्हटले, तर कॉलेज दार लावील. आनंदीबाईंना हा फरक अचूक कळला होता, असे मला वाटते. हे वाक्य लिहिताना टाक किती वेळ थांबला असेल, याची एक कादंबरी होईल. नवऱ्याच्या हट्टाचा त्यात मागमूस नाही. तो त्या वेळी हिंदुस्थानात होता. ते वाक्य सर्वस्वी तिचे आहे.

पुढली तीन वर्षे त्यांनी त्या वाक्याला जागून काढली, तीही परक्या थंडीत, आपला शाकाहार सांभाळून. ११ मार्च १८८६ रोजी एम.डी.ची पदवी मिळाली तेव्हा एकविसावे वर्ष संपायला वीस दिवस उरले होते. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्री-विभागाची जागा त्यांनी स्वीकारली. म्हणजे क्षयाने ग्रासलेल्या त्या मुलीचा बेत नोकरीपर्यंत आखून तयार होता! वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ च्या मार्चमध्ये, त्या बोटीवर चढण्याच्या वर्षभर आधी, जाहीर केला होता. त्यावर चालणारे औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ साली सापडले. कॉलेजात त्यांना शिकविणाऱ्यांच्याही हाती त्यांच्यासाठी काही नव्हते.

हे सारे मी इतके उगाळतो आहे त्याला एक कारण माझ्या वर्गातले आहे. मी विदर्भात शिकवितो. आमच्या बाजूला सिकलसेल पुष्कळ. आईबापांकडून आलेला रक्ताचा दोष, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, रक्तवाहिनीत अडकते, आणि मग हाडांतून जी कळ निघते तिला आमच्याकडे नाव नाही, नुसते ‘दुखणं आलं’ म्हणतात. थंडी, ताप, दमणूक, पाणी कमी पडणे, एवढ्यानेही ते येते. माझी एक विद्यार्थिनी अशी. बारावीला चांगले गुण मिळाले, बी.एस्सी.ला नागपूरला जायचे होते, पुढे एम.एस्सी. करून कॉलेजात शिकवायचे होते. वसतिगृहाच्या फॉर्मात एक रकाना होता: दीर्घकालीन आजार आहे काय? बापाने बजावले होते, नाही म्हणून लिही, नाहीतर खोली मिळायची नाही. ‘आनंदी गोपाळ’ तिने शाळेच्या कपाटातून नेऊन वाचली होती. दुखत असताना ती अभ्यास कशी करत होती ते आणखी पाहिजे होतं, एवढाच तिचा अभिप्राय. इतकी नेमकी समीक्षा मी अजून छापलेली पाहिली नाही. मग मी तिला ते पत्र मराठी करून वाचून दाखविले. ती म्हणाली, “सर, तिनं तर चांगली आहे म्हणून लिहिलं. मंग मी फॉर्मात का लिहू?”

आमच्याकडे ‘काय’ला ‘का’ म्हणतात, त्यामुळे त्या प्रश्नाचे दोन अर्थ झाले. काय लिहू? आणि कशाला लिहू? आनंदीबाईंपुढे हे दोन्ही अर्थ होते आणि त्यांनी दुसऱ्याचे उत्तर दिले.

माझ्या विद्यार्थिनीला पहिल्याचे उत्तर देता येण्यासारखे होते, ते तिच्या धैर्यामुळे नव्हे, औषधामुळे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्याच्या यादीत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक ठरले, तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत निदान ५ टक्के जागा राखीव आहेत. नुसत्या टक्केवारीवर बोट ठेवून वैद्यकाचा प्रवेश नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले आहे. कायदा वाचताना सगळे सरळ दिसते; दाखल्यासाठी रांगेत उभे राहिलेल्यांना ते तितके सरळ दिसत नाही, हा भाग निराळा.

आम्ही दोघांनी बसून एक स्वतंत्र कागद तयार केला. गोळ्यांची नावे, काय टाळायचे, रात्री कळ आली तर आधी काय करायचे, कुणाला फोन करायचा. तिथल्या बाबूने तो कागद परत केला. रकान्यात मावेल तेवढेच लिहा म्हणाला! मग पोरीने रकान्यात ‘होय’ लिहिले, उरलेल्या जागेत ‘माहिती सोबत’, आणि कागद टाचणीने पुन्हा तिथेच लावला. खोली मिळाली. पहिल्याच हिवाळ्यात दोनदा इस्पितळात दाखल व्हावे लागले, एक पेपर बुडाला, तो तिने पुढच्या सत्रात दिला. त्या कागदाचा उपयोग दोन्ही वेळा झाला, असे तिने कळविले आहे.

म्हणून मला ‘आनंदी गोपाळ’बद्दल तक्रार करावीशी वाटते, ती कादंबरी वाईट आहे म्हणून नव्हे. ती इतकी चांगली आहे की तिच्यापुढे दुसरे पुस्तक उघडायची आपल्याला गरजच भासत नाही. पुस्तके आहेत. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईने १८८८ सालीच चरित्र लिहिले. गोपाळरावांवर त्यात कडक ताशेरे आहेत आणि त्यावरून वादही झाला. काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिताना पत्रेही दिली. आपल्याआधी वाचकाने त्या बाईचे अक्षर ऐकावे, हा त्यांचा विनय मला फार मोलाचा वाटतो. स्वतः घरातल्या घरात, चोरून-मारून शिकलेल्या काशीबाईंना तो सुचला, हे काही नवल नव्हे. अंजली कीर्तने यांचे ‘डॉ. आनंदीबाई जोशी: काळ आणि कर्तृत्व’ १९९७ साली आले, कष्टाने जमविलेल्या साधनांचे ते पुस्तक आहे. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या पत्रांवर इंग्रजीत केलेले काम त्यांच्या निधनानंतर ग्रंथरूपाने निघाले. ही पुस्तके अभ्यासकांच्या टेबलावर असतात. शाळेच्या कपाटात असते ती कादंबरी.

एखाद्या प्रकाशकाने आनंदीबाईंची निवडक पत्रे मराठीत, तारखेच्या क्रमाने, शंभरेक पानांत आणि पोरांना परवडेल अशा किमतीत काढावीत. चित्रे नकोत, सत्कारांचे फोटो नकोत. २८ जून १८८३ चे अर्जाचे पत्र छापताना त्याच्या डाव्या हाताच्या पानावर, कार्पेंटरबाईंना आधी कळविलेली डोकेदुखीची आणि तापाची हकीकत तेवढी यावी. मध्ये संपादकाची टीप नको.