स्वयंपाकघराची खिडकी

'बायोफिलिक डिझाइन' हा शब्द आता आपल्या बेळगावातल्या बिल्डरांच्या माहितीपत्रकांपर्यंत येऊन पोचला आहे. माणसाला जिवंत सृष्टीची उपजत ओढ असते, असं एडवर्ड विल्सन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञांनी १९८४ साली 'बायोफिलिया' या पुस्तकात मांडलं. पुढे इमारती आखणाऱ्यांनी ते उचललं. घरात ऊन, वारा, पाणी, झाडं यांना जागा द्या, राहणाऱ्याची तब्येत सुधारेल, विजेचं बिलही कमी येईल. यात न पटण्यासारखं काही नाही. मला विचारायचं आहे ते एवढंच, की ही जागा घरात नेमकी कुठे दिली जाते, आणि कुणाला?

या विषयावर बोलणारा प्रत्येक जण रॉजर उलरिक यांच्या अभ्यासाचा दाखला देतो. तोही १९८४ चाच. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीबाहेर झाडं होती, २३ जणांच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडांकडे तोंड असलेले रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतीकडचे ८.७० दिवसांत. झाडांकडच्यांना जालीम वेदनाशामक औषधंही कमी लागली, आणि नर्सबाईंनी लिहून ठेवलेल्या तक्रारीच्या नोंदीही त्यांच्या कमी होत्या. फरक जेमतेम पाऊण दिवसाचा, पण दुखणेकऱ्याजवळ रात्र काढलेल्या कुठल्याही बाईला पाऊण दिवस म्हणजे किती ते सांगायला नको.

या अभ्यासातली एक गोष्ट मात्र दाखला देणारे विसरतात. त्या इस्पितळाने खोलीत एकही रोप आणलं नव्हतं. झाडं बाहेर, जमिनीत, आपल्या जागी उभी होती. रुग्णाच्या वाट्याला आली होती ती खिडकी.

आता या माहितीपत्रकांतलं आवडतं चित्र घ्या. इटलीतल्या मिलान शहरातली 'बॉस्को व्हर्टिकाले', म्हणजे उभं जंगल. स्टेफानो बोएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेले दोन मनोरे, २०१४ मध्ये पुरे झालेले. उंच मनोरा शंभर मीटरच्या वर. गच्च्यांवर सुमारे ८०० झाडं, शिवाय हजारो झुडपं. मी तिथे गेलेले नाही. फोटो पाहून आणि वाचून बोलते आहे. पण हे लोक नुसते हौशी नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. झाडं आधी रोपवाटिकेत वाढवून घेतली, वाऱ्याने उन्मळतील का याची कृत्रिम वारा सोडून चाचणी केली, मुळं पोलादी तारांनी बांधली. मातीचं ओझं पेलायला गच्च्या तशा भक्कम केल्या. सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय म्हणजे झाडं घरमालकाच्या ताब्यात दिलेलीच नाहीत. ती सामाईक. पाणी मध्यवर्ती यंत्रणेतून येतं, आणि छाटणीसाठी माळी छपरावरून दोर लावून खाली उतरतात. त्यांना उडते माळी म्हणतात. ऐकायला गंमत वाटते, पण त्या जंगलाचा खरा आधार हे माळीच आहेत.

आपल्याकडे चित्र तेवढं आलं, माळी आला नाही. बाल्कनीत कुंड्या बसवण्याचा कठडा देतात, सातव्या मजल्यावर. पुढे पाणी कोण घालणार, वाळलेलं कोण काढणार, मे महिन्यात माहेरी गेल्यावर काय, याचं उत्तर माहितीपत्रकात नसतं, कारण ते सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. ती घालेल.

आणि नाही घातलं तर काय होतं, ते चीनमधल्या चेंगडू शहरात दिसलं. तिथे २०१८ मध्ये ८ मनोरे बांधले, ८२६ घरं, प्रत्येक बाल्कनीत झाडं. घरं विकली गेली, पण २०२० च्या बातम्यांनुसार राहायला आलेली कुटुंबं दहाच्या आसपास होती. झाडं मोकाट वाढून कठड्याबाहेर लोंबू लागली आणि डासांनी उच्छाद मांडला. मला हे वाचून त्या बिल्डरपेक्षा झाडांचंच वाईट वाटलं. वनस्पती हा एकेंद्रिय जीव, हे आपण पाठशाळेत शिकलेलो. त्याला जमिनीतून उचलून वर नेऊन ठेवायचं, तर ती सजावट राहत नाही, जबाबदारी होते. डासांचंही तसंच. आपल्या घरांत डास मारायचा नसतो, म्हणून तो होऊच नये यासाठी कुंडीखालच्या बशीतलं पाणी रोज ओतावं लागतं. रोज म्हणजे रोज.

निसर्ग घरात आणायचा दुसरा रस्ताही आहे, आणि तो आपल्या जवळचा आहे. मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेला, पण दुपारचं तापलेलं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवताली व्हरांडा काढून तोड काढली होती. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पुऱ्या झालेल्या 'कांचनजंगा' इमारतीत तोच व्हरांडा उंच नेला. ३२ घरं, कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजले उंचीची खोल गच्ची. वारा आत येतो, ऊन-पाऊस गच्चीवर अडतात. झाड लावलं तर उत्तम, नाही लावलं तरी घर श्वास घेतं. घरं श्रीमंतांची, हे खरं. पण विचार श्रीमंतीचा नाही, वारा कुठून येतो हे पाहण्याचा आहे. मिलानपेक्षा मला तो मोठा वाटतो.

जुन्या वाड्यांचे गोडवे मात्र मला गायचे नाहीत. चौकात तुळस, पडवीत झोपाळा, मागे परडं, सगळं खरं. पण स्वयंपाकघर बहुधा अंधारं, धुराने काळवंडलेलं, आणि त्यात दिवस काढणाऱ्या बाईला तो चौक ताटं वाढायला जाता-येताच दिसायचा. चुलीचा धूर गेला, गॅस आला. खिडकी काही आली नाही. आजचा फ्लॅट बघा. हॉलला बाल्कनी, बेडरूमला मोठी काच, आणि स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये. समोर दुसऱ्याच्या संडासाचे पाइप, कबुतरांची घाण, आणि वरच्या मजल्यावरच्या फोडणीचा वास. उलरिक यांच्या विटांच्या भिंतीपेक्षाही वाईट. ते रुग्ण तिथे आठवडाभर होते, आपण तीस-चाळीस वर्षं.

ज्या घरांत सूर्यास्ताआधी जेवतात, तिथे तर संध्याकाळचा सगळा स्वयंपाक चार ते सहात. बाहेर लख्ख ऊन असतं आणि ओट्यावर ट्यूबलाइट लावलेली असते, कारण धान्यातला किडा दिसायला हवा. मग त्या हिरव्या इमारतीने वाचवलेली वीज कुठे गेली?

म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा हॉलमधल्या सरबतावर थांबू नका. सरळ ओट्यापाशी जाऊन उभ्या राहा, दुपारी चारला, दिवा बंद करायला सांगून. तांदूळ निवडता येतील का ते बघा. खिडकी उघडते का, उघडून बाहेर काय दिसतं, कपडे वाळत घालायला ऊन कुठे पडतं, कुंडीपर्यंत नळ पोचतो का. विकणारा मुलगा म्हणेल, "काकू, तिथे एक्झॉस्ट फॅन दिलाय ना!" त्याला नकाशा मागा आणि डक्टची रुंदी फुटांत लिहून घ्या.