चांदा प्रांतांतील जुनीं छायाचित्रें व त्यांची दुरुस्ती

हस्तलिखितांत कसरीनें खाल्लेलीं अक्षरें संपादक तर्कानें भरून काढतो, तेव्हां तीं तो कंसांत घालतो. असा कंस न घालणाऱ्याच्या पाठावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. हाच नियम जुन्या छायाचित्रांस मात्र फारसा कोणी लावीत नाहीं, ही गोष्ट खेदाची आहे. चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) येथील घराघरांतील चित्रांच्या बाबतींत तर ती विशेष हानिकारक होय.

या वनप्रदेशाविषयींच्या जुन्या लेखी साधनांत सरकारी अंमलदारांच्या लेखनाचा भरणा मोठा आहे. मेजर लूसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदीचा अहवाल घ्या, किंवा रसेल व हिरालाल यांचा १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ घ्या. त्यांत गोंड मनुष्य जमातीचा नमुना म्हणून येतो. घरच्या चित्रांत तोच मनुष्य कोणाचा तरी आजा, कोणाची तरी आत्या म्हणून येतो. अंगावरचे दागिने, लुगड्याची नेसण, गोंदण, बसण्याचा क्रम, पुठ्ठ्याच्या पाठीवरचें नांव, हा सर्व पुरावा आहे.

दमट हवेमुळें चित्रावरील जिलेटिनचा थर मऊ होऊन चौकटीच्या कांचेस चिकटतो व त्यावर बुरशी चढते. काळ्या भागांत चांदीचे कण पृष्ठावर येऊन आरशासारखी झांक मारतात. अशा चित्राची दुरुस्ती व्हावी, याबद्दल दुमत नाहीं. आमचा आक्षेप आहे तो रीतीवर. पूर्वीचे कारागीर कांचेच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून सुरकुत्या झांकीत व छापील प्रतीवर रंग भरीत; पण बारकाईनें पाहिलें असतां त्यांचा हात बहुधा ओळखूं येई. आजचें संगणकयंत्र असंख्य परक्या चेहऱ्यांवरून शिकून फाटल्या जागीं नवा डोळा, नवा ओठ बसवितें, आणि सांधा दिसत नाहीं. गोंदण डाग म्हणून व देवीचे वण ओरखडे म्हणून पुसले जाण्याचा संभव असतो. मग नातवास आजीचा म्हणून मिळालेला चेहरा आजीचा राहत नाहीं.

कोणी म्हणेल, भिंतीवर लावून हार घालावयाच्या चित्रास एवढी चिकित्सा कशाला? भिंतीवर हवें तें चित्र लावावें. त्यास आमची हरकत नाहीं. परंतु घरांतलें चित्र दोन पिढ्यांनीं एखाद्या संग्रहांत येतें, आणि तें दुरुस्त झालेलें आहे हें सांगणारें त्या वेळीं कोणी उरत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी आहे. मूळ चित्र कारागिराच्या हातीं देण्यापूर्वीं त्याच्या दोन्ही बाजूंची, पुठ्ठ्यासह, प्रतिमा घ्यावी. कांचेस चिकटलेलें चित्र ओढून काढूं नये. कांचेसह त्याची प्रतिमा घ्यावी. दुरुस्ती केवळ प्रतिमेवर करावी. जेथें मूळ कांहींच उरलें नाहीं ती जागा करडी ठेवावी. भरल्यास कोणती जागा भरली, कोणी व केव्हां, हें प्रतीच्या पाठीवर लिहावें. घरांतील वृद्धांस विचारून चित्रांतल्या माणसांचीं नांवें व नातीं टिपून ठेवावींत. मूळ तुकडे कितीहि लहान असले तरी आम्लरहित कागदांत, कोरड्या जागीं जपावे.

अर्धा उरलेला खरा चेहरा संशोधकाच्या उपयोगी पडतो. यंत्रानें पुरा केलेला चेहरा नोंदीवांचून त्याच्या उपयोगाचा नाहीं, आणि मूळ टाकून दिलें असेल तर ती हानि भरून निघण्यासारखी नाहीं.