पाच व्होल्ट म्हणजे नेमकं किती? एका गाजलेल्या शोधपत्राची उलटतपासणी

दिवाळीत नेवाशाला घरी होते. फाट्यावर एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात चार्जर दाखवायला गेले, तर काउंटरवर कुणाची तरी ई-सिगारेट उघडून ठेवलेली. तक्रार अशी की दिवा लागतो, पण वाफ येत नाही. दुकानदार काकांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "वायर तुटली नाही, टाका सैल आहे." मग झाकण लावून त्यांनी ती परत केली. "आपल्याकडे हे बंद आहे बाबा, मी हात लावणार नाही."

काकांचं बरोबर होतं. 2019 च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद केलंय. उत्पादन किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा ही पोस्ट दुरुस्ती शिकवणारी नाही. पण तो सैल टाका माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण त्याच आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला एक शोधपत्र पाठवलं होतं. "ताई, सेमिनारला हेच घेते. व्होल्टेज वाढवलं की फॉर्मल्डिहाइड वाढतं, सिद्धच झालंय."

पत्र काय म्हणतं?

जानेवारी 2015 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेन्सन आणि सहकाऱ्यांचं एक छोटं पत्र आलं. त्यांनी ई-सिगारेटची वाफ गोळा करून एनएमआरने तपासली. 3.3 व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत. 5 व्होल्टला मात्र दहा झुरक्यांमागे सरासरी 380 मायक्रोग्रॅम फॉर्मल्डिहाइड या संयुगांच्या रूपात मिळालं. त्यावरून हिशेब केला: रोज 3 मिलिलिटर द्रव ओढणाऱ्याच्या शरीरात दिवसाला 14.4 मिलिग्रॅम जाईल, तर 20 सिगारेटच्या पाकिटातून सुमारे 3 मिलिग्रॅम. तिथून कर्करोगाच्या धोक्याचा अंदाज आणि तिथून जगभरच्या बातम्या.

आधी चांगलं काय ते सांगते. रसायनशास्त्र पक्कं आहे. मोकळं फॉर्मल्डिहाइड शोधणाऱ्या पद्धतीतून जे निसटू शकतं, ते प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरॉलला चिकटलेल्या रूपात त्यांनी पकडलं. हे काम नाकारता येत नाही.

टाका कुठे सैल आहे?

निष्कर्ष व्होल्टमध्ये मांडलाय, पण द्रव तापतो तो वॅटने. वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले रोध. समजा कॉइल 2 ओहमची आहे. 3.3 व्होल्टला 5.4 वॅट, 5 व्होल्टला 12.5 वॅट. व्होल्ट दीडपट, उष्णता सव्वादोन पटीहून जास्त. कॉइल 3 ओहमची असेल तर तेच 5 व्होल्ट 8.3 वॅट देतात. म्हणून "5 व्होल्टला" हे वाक्य एकटं वाचलं तर त्यातून तापमानाचा पत्ता लागत नाही.

आता काकांचा सैल टाका घ्या. 2 ओहमच्या कॉइलला जोडणीत अर्धा ओहम जास्तीचा आला. एकूण रोध 2.5, प्रवाह 2 अँपिअर. कॉइलला मिळाले 8 वॅट आणि 2 वॅट टाक्यातच जळाले. डिस्प्लेवर आकडा तोच, 5 व्होल्ट! म्हणजे कॉइलची उष्णता एक तृतीयांशाहून जास्त घटली आणि नोंदवहीत काहीच बदललं नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या सेटअपमध्ये नायक्रोमची तार आहे. तिच्यावर ऑक्साइडचा थर असतो, साधं सोल्डर धरत नाही, म्हणून मी क्रोकोडाइल क्लिप लावली होती. तीन आठवड्यांचा डेटा जुळेना. मी तापमानाच्या सेन्सरला, नमुन्याला, अगदी पावसाळी हवेलाही दोष दिला. शेवटी क्लिपला बोट लागलं आणि भाजलं. मल्टिमीटरने आधी पाहिलं होतं की नाही? पाहिलं होतं. पण दोन वायरने मोजताना मीटरच्या लीडचा रोधही त्यात मिसळतो, आणि मीटरचा प्रवाह इतका कमी की टाका तापतच नाही. चार वायरने, चालू अवस्थेत मोजल्यावर चोर सापडला. तीन आठवडे फेकून दिले. गाइडना सांगताना पोटात गोळा आला होता.

समोरची बाजूही तपासा

त्याच वर्षी 'ॲडिक्शन' या नियतकालिकात फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला: इतकी तापलेली वाफ माणूस ओढेल का? सात अनुभवी वापरकर्त्यांना दोन बनावटींची उपकरणं दिली. एका बनावटीत 9 आणि 10 वॅटला करपलेली चव लागली, आणि आल्डिहाइड वाढली ती तिथेच. दुसरीत त्याच वॅटला करपलंही नाही आणि आल्डिहाइडही वाढली नाहीत. म्हणजे नुसते वॅट सांगूनही भागत नाही, वातीपर्यंत द्रव किती पोचतो तेही हवं.

पण "म्हणजे जेन्सन चूक, विषय संपला" असं म्हणू नका. सात जणांची जीभ हे मीटर नव्हे. ज्याला करपलेल्या चवीची सवय झाली किंवा जो नवखा आहे, तो काय करेल हे त्यातून कळत नाही. आणि धोका फक्त फॉर्मल्डिहाइडचा नाही. 2019-20 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या आजाराने 2,807 जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले. तिथे मुख्य संशय व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर आला, व्होल्टेजवर नाही.

माझं मत

जेन्सन यांचं मोजमाप ठेवा, धोक्याचा हिशेब बाजूला काढा. ही संयुगं श्वसनमार्गात कशी वागतात हे माहीत नाही, असं लेखकांनी पत्रातच लिहिलंय. तरी पुढचा हिशेब ती साध्या फॉर्मल्डिहाइडसारखी वागतात असं धरून केलाय. बातम्यांनी ते वाक्य गाळलं, आणि आपणही सेमिनारमध्ये गाळतो.

त्या मुलीला मी हेच पत्र घ्यायला सांगितलंय, फक्त शीर्षक बदलून. स्लाइडवर तीन रकाने कर म्हटलं: काय मोजलं, काय धरून चाललो, काय मोजलंच नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर शोधपत्र पुन्हा वाच. काल तिचा मेसेज आला: "ताई, तिसराच सगळ्यात मोठा झालाय."